सांजेची बादली

दिवेलागण झाली की चंद्राबाई चुलीकडं वळण्याआधी एक काम करत. अंगणात पत्र्याच्या शेडखाली जुनी डिझेल जीप उभी असे. तिच्यापुढं लोखंडी बादली ठेवून त्या उकिडव्या बसत, एक हात जमिनीला टेकत आणि दुसरा आत घालून रेडिएटरच्या बुडाची पितळी तोटी फिरवत. पाणी बादलीत पडू लागे. आधी जोरात, मग बारीक, शेवटी थेंब थेंब. तेवढ्या वेळात त्या घरात जाऊन देवापुढं दिवा लावून येत आणि भरलेली बादली परसातल्या कढीपत्त्याच्या बुडात ओतत.

सोप्यातल्या कॉटवरून नाथाजी विचारत, "पाणी काढलंस का?"

"काढलं."

"समदं? थेंब ऱ्हायला नको आत."

"न्हाई ऱ्हायला."

सकाळी याच्या उलट. बोअरच्या नळाखाली बादली भरायची, बॉनेट उचलायचं, टाचा वर करून रेडिएटरच्या तोंडात पाणी ओतायचं आणि झाकण घट्ट लावायचं. जीप कुठं जाणार असो वा नसो, हे रोज. जीप घेतल्यापासूनच्या बावीस वर्षांतली पहिली अठरा नाथाजींनी हे स्वतः केलं. चार वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि म्हशीच्या वैरणीबरोबर, वीजबिलाच्या रांगेबरोबर हेही चंद्राबाईंच्या वाट्याला आलं. कुणी सोपवलं नाही. दुसरं घरात कोण होतं?

कडेगावाबाहेरच्या त्या वस्तीवर फौजेतून परतलेल्यांची घरं बरीच. नाथाजी त्यातले ड्रायव्हर. लेहच्या बाजूला त्यांनी सहा हिवाळे गाडी चालवली होती. तिथं संध्याकाळी इंजिनातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर रात्री त्याचा बर्फ होतो आणि बर्फ फुगून इंजिन फोडतो. त्यांच्याबरोबरचा एकजण एकदाच विसरला. सकाळी इंजिनाला वीतभर चीर. ही गोष्ट नाथाजींनी घरात इतक्यांदा सांगितली होती की मुलगा जयराज लहानपणी ती पाठ म्हणून दाखवायचा.

चंद्राबाईंनी बर्फ बघितला होता तो फ्रीजमधला. पण नवरा फौजेतून आला, साताऱ्याहून कुणा ठेकेदाराची ही चारही चाकं ओढणारी जीप घेऊन आला, पहिल्याच संध्याकाळी तोटी फिरवून बसला, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. पुरुषांच्या गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं त्या वेळी वाटलं. नंतर ती सवय झाली आणि सवयीला कोण कारण विचारतं?

जीप चालवायला त्यांना नाथाजींनीच शिकवलं. ऊस तुटून गेलेल्या रानात, बॉनेटवर काठी आपटत. "क्लच म्हंजे म्हशीचं आचळ न्हवं, पिळू नको." शिकवणं असं. तरी त्या शिकल्या. त्या वेळी वैरण आणायला शिकल्या होत्या, आता ते शिकणं नाथाजींना कराडला न्यायला उपयोगी पडत होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी. कराडला व्यायाम करून घेणाऱ्या संयोगिता मॅडम होत्या. त्यांच्या हाताखाली गेल्या वर्षभरात नाथाजींच्या उजव्या मुठीत पाण्याचा पेला धरण्याइतकी ताकद आली होती. "आणखी सहा महिने. मध्ये खंड पाडू नका, नाहीतर मिळवलंय तेही जाईल," मॅडमनी सांगितलं होतं. आणि कराडला जायचं तर जीपच. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. जयराजच्या मोटारीत बसवलं तर इतकं खाली बसायला व्हायचं की उठवायला दोघं लागत. जीपला मात्र दाराशी दांडी होती. डाव्या हातानं ती धरून, दात आवळून नाथाजी स्वतःचे स्वतः चढायचे. चढून झालं की समोरच्या काचेतून असे बघायचे, जणू मागं सगळी पलटण निघाली आहे.

कराडला जाताना सुर्लीचा घाट उतरायचा. त्रास परत येताना, चढणीला. तो यायचा नेमका भर दुपारी.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी निम्मा घाट चढून होतो न होतो तोच तापमानाचा काटा लाल पट्टीकडं सरकला. पुढं उसाची शेवटची ट्रॉली रांगत होती.

"खालच्या गिअरात घे," नाथाजी म्हणाले. "इंजिन रडवू नको. पंखा फिरू दे."

"घेतलाय."

"मग काटा का चढतोय?"

"मला काय इचारताय? त्यालाच इचारा."

वळणाच्या पुढं सपाट जागा होती. चंद्राबाईंनी जीप कडेला घेतली आणि इंजिन लगेच बंद न करता तसंच हळू चालू ठेवलं. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून फुस्स करून वाफ निघाली आणि पाठोपाठ गढूळ पाणी रस्त्यावर सांडलं. मग मात्र त्यांनी किल्ली फिरवली. झाकणाला हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी लावला होता, त्याचा डाग मनगटावर अजून होता.

दीड तास गेला. सावली नव्हती. नाथाजींच्या डोक्यावर त्यांनी ओला टॉवेल टाकला, तो त्यांनी काढून टाकला. येणारा जाणारा थांबून सल्ला देत होता. एक ट्रकवाला म्हणाला, "आजी, हिला आता भंगारात घाला."

"आधी मला घाल," नाथाजी म्हणाले.

इंजिन निवल्यावर चंद्राबाईंनी फडकं धरून झाकण काढलं आणि बरोबर आणलेल्या कॅनमधलं पाणी ओतायला वाकल्या. तेव्हा रेडिएटरच्या तोंडाच्या आतल्या कडेला पांढरा, जाड थर दिसला. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. असा पापुद्रा कुठंतरी बघितलाय, एवढंच त्यांच्या मनात आलं. पण नवरा उन्हात बसला होता, म्हैस पाण्यावाचून खुंट्याला होती आणि घाट अजून निम्मा होता. पापुद्रा बोटानं झटकून त्यांनी झाकण लावलं.

रविवारी जयराज आला. तो कुपवाडला कारखान्यात सुपरवायझर होता, राहायला शहरात, विश्रामबागेत. घाटातली गोष्ट त्याला शेजारच्यांनी आधीच फोनवर सांगितली होती.

"आई, बास झालं आता," तो म्हणाला. "आतापर्यंत बेल्ट बदलला, पंप बदलला, मिस्त्रीनं पाणी अडवणारा आतला वॉल्व्ह काढून टाकला, जाळीतलं पाचट किती वेळा धुतलं. तरी तापतीच. भर घाटात आबांना काही झालं असतं म्हणजे?"

"मग कराडला कसं न्यायचं?"

"कराड नकोच. आबा माझ्याकडं राहतील. खाली गल्लीतच व्यायामाचा दवाखाना आहे. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आणतो, जीप देऊन टाकू."

चंद्राबाईंनी कॉटकडं बघितलं. नाथाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. झोपल्यावर ते घोरत.

विश्रामबागेतलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट वर्षातले सहा महिने बंद असे. जयराज आणि सून सोनम दोघंही सकाळी आठला बाहेर पडत. नाथाजी तिथं दिवसभर टीव्हीसमोर बसतील, कुणीतरी येऊन त्यांना उचलून खाली नेईल, उचलून वर आणेल. ते एक महिना कुरकुरतील आणि मग कुरकुरायचे थांबतील. चंद्राबाईंना भीती होती ती त्या थांबण्याची. स्वतः जावं तर म्हैस, कोंबड्या, घर. आणि खरं सांगायचं तर एक क्षण त्यांच्या मनात असंही आलं होतं, की नेऊ दे. दोन महिने तरी पाठ टेकू दे. तो विचार आला तशा त्या उठल्या आणि उगाचच म्हशीला पाणी दाखवून आल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी आंघोळीचा तांब्याचा बंब घासायला काढला. दर दोन महिन्यांनी हे करावं लागे. बोअरचं पाणी इतकं जड की तापवलं की खाली पांढरं साचायचं. बंबात चिंचेचं पाणी भरून ठेवलं, की दुपारपर्यंत ते सुटं होऊन पापडासारखं निघायचं. दुपारी चंद्राबाईंनी आत हात घालून पहिला पापुद्रा बाहेर काढला आणि तो हातात तसाच धरून बसल्या.

घाटातला तो हाच.

त्या तशाच ओल्या हातानं शेडकडं गेल्या. बंबात रोज नवं पाणी पडतं, म्हणून रोज नवं साचतं. माठात साचत नाही, माठ तापत नाही. आणि ह्याच्यात? रोज सकाळी नवी बादली. गाडी निघाली की तापणार. बावीस वर्षं. त्यांनी हिशोब सोडून दिला, बंबाला दोन महिन्यात एवढं जाड होतं, एवढंच पुरे होतं.

नाथाजींना त्यांनी सांगितलं, "बेल्ट सैल वाटतोय, मिस्त्रीकडं दावून येते." आणि जीप कडेगावात इंद्रजित मिस्त्रीच्या गॅरेजला नेली.

इंद्रजित पस्तिशीचा, बोलका माणूस. जीप बघून त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, परत? ह्या गाडीनं मला म्हातारा करायचं ठरवलंय."

"इंद्रजित, बंबासारखं हिच्यात बी साचत असंल का?"

"थोडं साचतंयच की. पण पाणी एकदा भरलं की भरलं. त्यातलं काय असंल ते बसतंय आणि संपतंय."

"पण रोज नवं घातलं तर?"

"रोज कशाला घालताय?"

"रोज काढतोय म्हणून."

इंद्रजितच्या हातातला पाना तसाच राहिला. "रोज काढताय? रेडिएटरचं पाणी? रोज?"

"सांजंला काढायचं, सकाळी भरायचं. बर्फ हुतोय म्हणून."

इंद्रजित आधी त्यांच्याकडं बघत राहिला, मग गॅरेजच्या दारातून बाहेर, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रस्त्याकडं. "काकू," तो म्हणाला, "कडेगावात बर्फ कवा पडलावता?"

तो पोट धरून हसला. चंद्राबाईंनाही हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आधी कधी सांगितलं न्हाईसा ते?" त्यानं विचारलं. काय सांगायचं? जीप गॅरेजला यायची ती सकाळी, भरलेली. अंगण झाडल्याचं कुणी मिस्त्रीला सांगतं का?

इंद्रजितनं रेडिएटर उतरवला. आतल्या नळ्यांतून फुंकर मारली तर निम्म्यातून हवाच जाईना. दोन दिवस त्यानं त्यात औषध घालून ठेवलं, परत परत धुतलं. पांढरा चिखल निघाला तो त्यानं मुद्दाम घमेल्यात ठेवून चंद्राबाईंना दाखवला. काढून टाकलेला वॉल्व्ह परत बसवला. "तो आमीच काढला हुता, आमचं बी चुकलंच," म्हणाला. मग फिल्टरच्या पाण्यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट मिसळून भरलं आणि बाजूला एक पारदर्शक बाटली बसवली. "हिच्यावर दोन रेघा हायत. पाणी दोन्ही रेघांच्या मधी दिसलं की झालं. झाकण उघडायचं न्हाई, तोटीला हात लावायचा न्हाई. वर्ष दोन वर्षं विसरा."

"आणि ह्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

इंद्रजितचं लग्न होऊन सहाच वर्षं झाली होती.

सामान यायचंय, एवढंच नाथाजींना सांगत तीन दिवस गेले. गुरुवारी संध्याकाळी जीप शेडमध्ये परत उभी राहिली. दिवेलागणीला नाथाजींचा आवाज आला, "पाणी काढलंस का?"

चंद्राबाई दारात उभ्या होत्या. सांगायचं तर आत्ताच. पण काय सांगायचं? तुमच्या शिस्तीनं गाडी मारली? चार वर्षांत त्या माणसाकडनं एकेक गेलं होतं. सही गेली, दाढी गेली, पानाचा अडकित्ता गेला. उरला होता तो सांजेचा हा एक हुकूम. शिवाय चूक दाखवली की चार दिवस ताट पुढं ढकललं जाणार, गोळी तोंडात धरून थुंकली जाणार, आणि दोन खेपा चुकल्यावर उद्या कराडला जायचं होतं. चंद्राबाई दमल्या होत्या. दमलेल्या माणसाला भांडणापेक्षा खोटं स्वस्त पडतं.

"काढते," त्या म्हणाल्या. नळाखाली घागर भरून शेडमागं नेली आणि बादलीत ओतली. पाणी खणखणून पडलं. मग बादली उचलून नेहमीप्रमाणं कढीपत्त्याला घातली.

शुक्रवारी दुपारी परतताना घाट लागला तेव्हा ऊन त्या मंगळवारपेक्षा कडक होतं. चंद्राबाईंनी आधीच खालचा गिअर घेतला. नाथाजी रस्त्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर काट्यावर होती. पहिलं वळण. दुसरं. त्या मंगळवारची सपाट जागा आली, रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा पांढरा डाग अजून पुसट दिसत होता. काटा मध्यावर. माथा आला, वारं लागलं, काटा मध्यावर.

असं काही नीट झालं की नाथाजी म्हणायचे, "शिस्त पायजे, शिस्त." चंद्राबाई त्याची वाट बघत होत्या. पण घरापर्यंत ते काट्याकडंच बघत आले.

रविवारी जयराज गिऱ्हाईकाला न आणताच आला, कारण चंद्राबाईंनी शनिवारी त्याला फोनवर सांगितलं होतं, "जीप घाट चढली. आबा हितंच ऱ्हातील." त्यानं स्वतः जीप काढून गावाबाहेरच्या चढावर दोनदा पळवून बघितली. परत आला तो खुशीत.

"मानलं बुवा," वडिलांच्या कॉटवर टेकत तो म्हणाला. "लोकांच्या नव्या गाड्या पाच वर्षांत खलास होतात. ही बावीस वर्षं टिकली ती आबांच्या मिलिटरी शिस्तीवर. काय, आबा?"

नाथाजी शेडकडं बघत राहिले. चंद्राबाईंनी चहाचा कप जयराजच्या हातात जरा जोरातच ठेवला. "गार हुईल. पी."

तो चारला गेला. दिवेलागण झाली. चंद्राबाई वाट बघत होत्या, पण आज विचारणा झाली नाही. मग त्या आपणहूनच घागर घेऊन शेडमागं गेल्या, पाणी ओतलं, कढीपत्त्याला घातलं आणि येऊन सोप्याच्या पायरीवर बसल्या. कढीपत्त्याच्या बुडात चिखल झाला होता.

"चंद्रा," नाथाजी म्हणाले. "तोटीचं पाणी आधी जोरात पडतंय, मग बारीक. दिवा लावून येस्तवर चालतंय ते."

चंद्राबाईंनी पदरानं ओले हात पुसले.

"तू घागरीनं ओततीस. एकदम पडतंय."

"कवापास्नं कळलंय?"

"बेस्तरवारपास्नं. अठरा वर्सं ऐकलाय तो आवाज."

"मग बोलला का न्हाईसा?"

नाथाजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. "वाटलं, दमलीस. वाकवत नसंल. म्हटलं, दमू दे. उन्हाळा हाय, चार दिस न्हाई काढलं तर काय बर्फ हुतोय?" स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडल्यासारखे ते थांबले. "मग शुक्रवारी घाटात काटा हलंना. तवापास्नं इचार करतोय."

मग चंद्राबाईंनी सगळं सांगितलं. घाटातला पापुद्रा, बंब, बंद पडलेल्या नळ्या, घमेल्यातला पांढरा चिखल. इंद्रजित हसला ते तेवढं गाळलं. सांगताना त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं नाही, पायातल्या जोडव्याकडं बघत राहिल्या.

"मीच मारत हुतो म्हण की तिला," नाथाजी म्हणाले.

"मेली न्हाई अजून."

"जयराज पोरगं काय म्हणून गेलं. शिस्त." त्यांच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "मग आता सांजंचं काय करायचं?"

"काय करायचं न्हाई. बाटलीवर दोन रेघा हायत. पाणी त्यांच्या मधी हाय का, एवढं बघायचं."

"बघितलंस?"

"न्हाई."

"मग काय उपेग? रोज बघाया पायजे." त्यांनी काठीकडं हात केला. "उठव मला. मी बघतो."

सोप्यापासून शेडपर्यंत चौदा पावलं होती. मॅडम कराडला घासाघीस करून त्यांच्याकडनं दहा चालून घेत. नाथाजींनी मध्ये दोनदा थांबून दम घेतला, एकदा काठी घसरली, पण ते चालले. चंद्राबाई पाठीमागं दोन्ही हात पुढं करून चालत होत्या, न टेकता. त्यांनी बॉनेट उचललं आणि मोबाइलचा उजेड पाडला. नाथाजींनी वाकून बाटली बघितली, मग आणखी वाकून बघितली.

"हिरवंय," ते म्हणाले. "दोन बोटं खाली हाय वरच्या रेघंच्या. ठीक."

"ठीक."

"उद्या बी बघायचं."

"बघा की."

परत चौदा पावलं. त्यांना कॉटवर बसवून, पाय उचलून वर ठेवून चंद्राबाई उठल्या तेव्हा कंबरेत कळ आली. बादलीपेक्षा हे काम जड होतं, आणि उद्या पुन्हा होतं. दूध अजून काढायचं होतं. त्या घागर उचलायला शेडमागं गेल्या, आणि रिकामी बादली उपडी करून तिच्यावरच थोडा वेळ बसल्या.

"चंद्रा," सोप्यातून हाक आली, "बॉनेट नीट लावलंस का?"

त्यांनी बसल्याजागी मान वळवून बघितलं. लावलेलं नव्हतं.